बोहीनच्या तळ्यावर ऐकलेली हाक

हे लिहू की नको असं करत वर्ष गेलं. इथे लोक लिहितात ते असले अनुभव मी वाचायचो ते खरं सांगायचं तर हसायला. मी जळगावात पाइपच्या एका कारखान्यात टेस्टिंग लॅब बघतो. पाइपमध्ये पाणी भरायचं, प्रेशर द्यायचं, गेज वाचायचा – सत्तावीस वर्षं हेच काम. गेजवर दिसतं ते खरं, बाकी गप्पा, असा माझा स्वभाव. घरात कुणी नजर लागली म्हटलं की मी उठून बाहेर जायचो. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही…

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि माझी बायको सुनीता युरोपला गेलो होतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. मोठी टूर नको, गर्दी नको, असं दोघांचं ठरलं. ऑफिसमधला एकजण म्हणाला, ऑफ-सीझनला जा, थंडी सोसत असेल तर गावंच्या गावं तुमच्या एकट्याची असतात. म्हणून मग आम्ही छोटी छोटी गावं निवडली. एका गावात दोन रात्री, मग ट्रेन किंवा बसने पुढे.

जायला मी कचरत होतो ते आईमुळे. आई धुळ्याला माझ्या मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे असते. माझ्यात आणि अक्कात दहा वर्षांचं अंतर. दोन वर्षांपूर्वी आईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अगदी एक शब्दसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं परत येईल अशी आशा ठेवू नका. निघायच्या आधी भेटायला गेलो, तर अक्काच म्हणाली, "जाय रे भाऊ. मायनं मी देखसू. तू काय रोज रोज जाणार शे का?" आईनं डाव्या हातानं माझी बाही धरली होती, ती सोडवून घ्यावी लागली.

पहिले चार दिवस छान गेले. ट्रिएस्टला समुद्रावर वारा इतका की सुनीताची ओढणी उडून गेली. तिथून स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला आलो. नदीकाठच्या हॉटेलांच्या खुर्च्या साखळीनं बांधून ठेवलेल्या, दुकानदार दारात येऊन आम्हाला बघायचे – या दिवसांत हे कुठून आले म्हणून. आम्ही बाकावर बसून घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खायचो आणि अगदी नवीन लग्न झाल्यासारखे हसायचो.

पाचव्या दिवशी सकाळच्या बसने बोहीनला गेलो. डोंगरांच्या मधलं मोठं तळं, ल्युब्लियानाहून दोनेक तासांवर. उन्हाळ्यात तिथे म्हणे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही उतरलो तेव्हा स्टॉपवर दुसरं कुणीच नव्हतं. रात्रभर बर्फ पडलेला, आणि वर धुकं – समोरचं चर्च अर्धंच दिसत होतं, वरचा मनोरा गायब. सुनीताच्या बुटात पाणी शिरलं होतं. एक कॅफे उघडा होता, ती म्हणाली, "मी इथे शेगडीपाशी बसते, मोजे वाळवते. तुम्ही तळं बघून या. पण अर्ध्या तासात या हं, लांब जाऊ नका."

मी पूल ओलांडून काठाकाठाने निघालो. पायवाट होती, तिच्यावर कुणाच्या तरी बुटांचे ठसे होते, ते धरून चालत होतो. दहा-बारा मिनिटांनी ठसे संपले. पुढे सगळं पांढरं. धुक्यात एक सपाट मैदान दिसत होतं, आपल्याकडे कापूस निघाल्यावर रान मोकळं दिसतं ना, तसं. मला वाटलं कुरण असेल, तळं डावीकडे कुठेतरी असेल. मी थांबून एक फोटो काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, नुसता पांढरा फोटो… त्याच्यावर वेळ आहे अकरा सव्वीस.

फोन खिशात टाकला आणि त्या मैदानात चालायला लागलो. पंचवीस-तीस पावलं गेलो असेन. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझाच श्वास मला मोठा वाटत होता. एक पाऊल थोडं खाली दबलं, बुटाच्या कडेने ओल दिसली, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आणि मागून बाईचा आवाज आला. मोठ्यानं. घसा फाडून.

"उभा ऱ्हाय! पुढे पानी शे!"

अहिराणीत… स्लोव्हेनियात, त्या बर्फात, अहिराणीत!

मध्येच आणखी एक शब्द होता, पण तो मला नीट कळला नाही. मी जागच्या जागी थिजलो. एक पाय उचललेला, तसाच. पहिला विचार आला तो हा की सुनीता आली. पण सुनीता नाशिकची, ती अहिराणी बोलत नाही. वळून बघायचं धाडस होईना. तेवढ्यात पायाखालून आवाज आला – कट्… आणि मग एक लांब, बारीक, ताणल्यासारखा आवाज, माझ्या पायापासून निघून दूर धुक्यात गेला. प्रेशर वाढलं की पाइप फुटायच्या आधी असाच बोलतो. तो आवाज मी रोज ऐकतो. मला तत्क्षणी कळलं मी कशावर उभा आहे.

मागे कुणीतरी ओरडत होतं, या वेळी पुरुष, आणि त्यांच्या भाषेत. मी मान हळूच वळवली. काठावर एक म्हातारा, हातात बर्फ काढायचं लांब फावडं. तो हातवारे करून सांगत होता – झोप, आडवा हो. मी पोटावर झोपलो. माझेच ठसे धरून मागे मागे सरकत आलो. किती वेळ लागला सांगता येणार नाही. तोंडात बर्फ जात होता, आणि मी सारखा तोच विचार करत होतो की सुनीताला परत घरी कसं जायचं ते कळेल का, तिकिटं माझ्याच फोनमध्ये आहेत. शेवटी त्याने फावड्याचा दांडा पुढे केला, तो धरला आणि काठावर आलो.

त्याने एक मोठा दगड उचलला आणि मी जिथपर्यंत गेलो होतो त्याच्या जरा पुढे भिरकावला. दगड थेट आत गेला. काळं पाणी वर आलं आणि आजूबाजूचा बर्फ भिजून राखाडी झाला. डोंगरातून एक ओहोळ तिथे तळ्यात येतो, त्यामुळे तेवढ्या भागात बर्फ धरत नाही, हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र तो माझ्याकडे बघतच नव्हता. आजूबाजूच्या झाडांत काहीतरी शोधत होता.

"युवर वाइफ," तो म्हणाला. "व्हेअर?"

मी म्हटलं, कॅफेत.

त्याने मान हलवली. नो, नो. मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं ते असं – तो बोटींच्या शेडसमोरचा बर्फ काढत होता. अचानक त्याच्या अगदी शेजारी एक बाई ओरडली. इतकी जवळ की तो दचकून बाजूला सरला. वळला तर कुणी नाही. ती जिकडे तोंड करून ओरडली असं वाटलं तिकडे त्याने बघितलं, तेव्हा त्याला धुक्यात माझी पाठ दिसली. नाहीतर, तो म्हणाला, मी इकडे बघितलंच नसतं.

आम्ही दोघांनी मिळून ठसे बघितले. माझे होते, त्याचे होते – मी वाटेवर धरून आलो तेसुद्धा त्याचेच. तिसरे नव्हते.

तो मला कॅफेपर्यंत सोडायला आला. सुनीता आम्हाला बघून उठून उभीच राहिली. तिला सगळं सांगितलं, ती आधी रडली, मग मला खूप बोलली. म्हातारा शांतपणे कॉफी पीत होता. तिचा आवाज ऐकून तो मला म्हणाला, ही नाही, ती म्हातारी होती. आणि मग त्याने विचारलं, "युवर नेम – बिका?"

मी म्हटलं नाही, माझं नाव रवींद्र.

तो म्हणाला, पण ती 'बिका' म्हणून हाक मारत होती. आणि त्याने जे ऐकलं ते म्हणून दाखवलं. सूर तोच, हेल तोच. "उबा राय… बिका!" सुनीता माझ्याकडे बघायला लागली. पण तेव्हाही मला त्या शब्दाचा अर्थ लागला नव्हता.

फोन बाहेर काढला तर अक्काचे तीन मिस्ड कॉल. पहिला अकरा अडतीसचा. आपल्याकडचे चार वाजून आठ मिनिटं. आईचं काही झालं असणार… मी तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"भाऊ, तू बरा शे ना?" अक्कानं आधी हेच विचारलं. ती रडत होती.

"मी बरा शे. मायनं काय झालं?"

"माय बोलनी रे… माय बोलनी!"

चारला ती आईला चहा पाजते. चहा आणायला आत गेली होती. आतूनच तिला आईची किंकाळी ऐकू आली. धावत आली तर आई डाव्या हातावर जोर देऊन अर्धी उठून बसली होती, डोळे समोरच्या भिंतीकडे. मग पडली ती गाढ झोपली. शेजारच्या बाईसुद्धा आवाज ऐकून धावत आल्या होत्या.

"काय बोलनी?" मी विचारलं.

"घर ये. मंग सांगसू."

"अक्का, आत्ता सांग."

ती म्हणाली, "म्हने… उभा ऱ्हाय भिका. पुढे पानी शे."

सुनीताने स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. म्हातारा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता, त्याने आपली टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्का," मी विचारलं, "भिका कोन शे?"

तिने फोन ठेवून दिला.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. परतल्यावर मुंबईहून जळगावला न जाता थेट धुळ्याला गेलो. अक्कानं मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटून घेतलं आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला कळलं की मला एक मोठा भाऊ होता. अक्काच्या पाठीवरचा. भिका. पाच वर्षांचा असताना पांझरेला अचानक पाणी आलं तेव्हा तो नदीच्या पात्रात होता. त्याची एक चप्पल वाहत चालली होती, ती धरायला तो पुढे पुढे जात होता. आई काठावर होती.

"माय कितली वरडनी," अक्का म्हणाली. "त्यानी आयकं नही."

तेव्हा घरचे सगळे गावात राहायचे. वडिलांनी त्याच वर्षी गाव सोडलं, धुळ्याला आले, आणि घरात ते नाव काढायचं नाही असं बजावलं. दोन वर्षांनी मी झालो. आईनं ते नाव पुन्हा कधी उच्चारलं नाही. अक्कानंही नाही. माझी तळ्यावरची हकीकत ऐकून तिचा एकच प्रश्न होता, जो तिनं मला तीन-तीनदा विचारला – "त्या गोऱ्या मानूसनं भिकाचं नाव कसं आयकं?"

मी खूप डोकं चालवलं. लहानपणी कधीतरी ते नाव कानावर पडून मी विसरलो असेन, भीतीच्या क्षणी मेंदूनं वर काढलं असेल – माझ्यापुरतं हे मी मान्य करायला तयार आहे. पण त्या म्हाताऱ्याचं काय? सुनीताला मी खोदून खोदून विचारलं, त्याने ते नाव अक्काच्या फोनआधी घेतलं की नंतर? ती दर वेळी तेच सांगते. आधी. तुमच्या हातात फोनसुद्धा नव्हता. माझ्या लॅबमध्ये एखादं रीडिंग बसत नसेल तर आम्ही पाइप बदलून पुन्हा टेस्ट घेतो. हे पुन्हा कसं घेणार?

आई त्यानंतर एकदाही बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, असं क्वचित होतं. एवढंच म्हणतात.

त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आलो तेव्हा आई जागी होती. मी पलंगाच्या कडेला बसलो. तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हटलं, "माय, मी थांबनू. पुढे नही गऊ."

तिनं माझ्याकडे बघितलं की नाही सांगता येत नाही. पण तिचा डावा हात हळूहळू चादरीवरून सरकत आला, माझ्या गुडघ्यापाशी थांबला आणि पँटचं कापड चिमटीत धरून चाचपायला लागला. नदीवरून आलेल्या पोराचे कपडे ओले आहेत का बघतात, तसा. एक पाय झाला, मग दुसरा.

मी हललो नाही. दोन्ही पाय कोरडे आहेत याची तिची खात्री होईपर्यंत तसाच बसून राहिलो.