मिशी की मास्क

माझ्या घोरण्याचा मला स्वतःला कधीच त्रास झाला नाही. घोरणाऱ्याचं हे एक सुख असतं. सत्तरच्या दशकात मी कुवेतला आलो तेव्हा एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. वर्षभरात बाकीच्या तिघांनी दुसरी जागा शोधली आणि मला वाटलं, त्यांचे पगार वाढले असतील. पुढे लग्न झालं, हवल्लीत दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं, मुलगी झाली. बायकोनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तुम्ही फार घोरता. मी म्हणालो होतो की तुझीच झोप सावध आहे. या एका उत्तरावर मी दहाएक वर्षं निभावून नेली.

त्या इमारतीत थंड हवा सगळ्या घरांना एकाच पत्र्याच्या बोगद्यातून यायची. तिच्याबरोबर माझा आवाजही घरोघर जातो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं, त्यांचं मसाल्याचं दुकान होतं. कुवेतमध्ये दुपारी एक ते चार सगळं बंद. ऑफिसं, दुकानं, पडदे, डोळे, सगळंच. चारला पुन्हा कामावर जायचं. वरच्या भाभी एकदा सहज बोलून गेल्या की तुमचं घोरणं थांबलं की आम्ही समजतो, चार वाजत आले, आणि यांना दुकानात पाठवतो. मला हे कौतुक वाटलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलंही.

घोरण्याचं हसू होत होतं तोवर ठीक होतं. पण मला दिवसा झोप यायला लागली. शर्कमधल्या एका बांधकाम कंपनीत मी नकाशे काढायचो. एकदा जिन्याची रेघ ओढता ओढता डुलकी लागली आणि तो जिना मी इमारतीबाहेर काढून पार रस्त्यापर्यंत नेला. साहेबांनी विचारलं, हा जिना कुठे निघालाय? त्यावर मी हसलो. सिग्नलला गाडी उभी असतानाही डोळे मिटायचे, म्हणून बायकोनं मुलीला एक काम लावून दिलं होतं. गाडीत बसली की बाबांशी सतत बोलत राहायचं. पोरगी इमानेइतबारे पाढे म्हणायची, शाळेतल्या भांडणांचे निकाल सांगायची, आणि सिग्नल लागला की मागून माझा कान ओढायची.

एका सकाळी तिला शाळेत सोडायला निघालो होतो. समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडी हळूच कडेला सरकली, फुटपाथवर चढली आणि दिव्याच्या खांबाला टेकली. टेकली म्हणजे आपटली. त्या आवाजानं मला जाग आली. मागे मुलगी कपाळ धरून बसली होती. टेंगूळ आलं, बाकी काही झालं नाही. घरी येऊन मी सांगितलं की मांजर आडवं आलं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. ती अगदी शांतपणे म्हणाली,

"देअर वॉज नो कॅट. बाबा वॉज स्लीपिंग."

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली की हे बरं होईपर्यंत पोरगी तुमच्या गाडीत बसणार नाही. मुलीला शाळेची बस लागली. शुक्रवारी आम्ही फरवानियाला मित्राकडे जायचो, तिथे मराठी मंडळी जमायची. आता मायलेकी बसनं जायला लागल्या आणि मी माझ्या गाडीतून बसच्या मागे मागे. जेवणाचे डबे मात्र माझ्या गाडीत असायचे. श्रीखंडाच्या पातेल्याच्या बाबतीत बायकोचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, मुलीच्या बाबतीत नव्हता. बसच्या मागच्या काचेतून मुलगी मला हात करायची. मीही हात करायचो. आत कुठेतरी फार लागायचं.

बायको एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती. तिथल्या छातीच्या विकारांच्या मराठी डॉक्टरांकडे ती मला घेऊन गेली. त्यांनी मला एक रात्र तिथे झोपवलं आणि सकाळी सांगितलं की झोपेत तुमचा घसा मिटतो आणि श्वास थांबतो. मग तुम्ही अर्धवट जागे होता, श्वास घेता, पुन्हा झोपता. रात्रभर हेच चालू असतं. मी म्हणालो, मला तर काहीच कळत नाही. "मला कळतं," बायको म्हणाली. एवढी वर्षं ती रात्री मला कोपरानं ढोसत होती, श्वास सुरू झाला की मग पाठ फिरवत होती. याच झोपेला मी सावध म्हणत होतो.

उपाय होता तो मशीनचा. नाकावर मास्क लावायचा, मशीन नळीतून हवा सोडत राहणार, म्हणजे घसा मिटत नाही. त्या काळात ही गोष्ट अगदी नवी होती. हॉस्पिटलात परदेशाहून एक मशीन येऊन पडलं होतं, ते डॉक्टरांनी मला वापरायला दिलं. चांगल्या सुटकेसएवढं होतं आणि आवाज पिठाच्या गिरणीचा. ते आम्ही न्हाणीघरात ठेवलं आणि दाराखालून नळी झोपायच्या खोलीत घेतली. राहिला मास्क. डॉक्टर म्हणाले की खरी मेख तिथेच आहे. टोचला तर तुम्ही काढून फेकाल आणि हवा गळली तर उपयोग नाही. मास्क असा हवा की लावलाय हे तुम्ही विसरलं पाहिजे आणि शेजारच्याला ऐकू आलं नाही पाहिजे. मी म्हणालो, शेजारच्यांना ऐकायची सवय आहे. त्यावर कुणी हसलं नाही.

पहिला मास्क काळ्या रबराचा होता, ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तसला. आवाज अजिबात नाही, पण टायरचा वास. दुपारी लावून झोपलो तर मी लॉरीखाली सापडल्याचं स्वप्न पडलं. उठलो तेव्हा गालांवर पट्ट्यांचे लाल वळ होते. चार वाजता ऑफिसात गेलो तर शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन माझ्याकडे कळवळून बघत राहिला आणि त्यानं मला स्वतःचा चहा दिला. बायकोबद्दल त्याचं जे मत झालं ते मी दुरुस्त केलं नाही. सहानुभूती सहसा माझ्या वाट्याला येत नाही.

दुसरा मास्क माझ्या मापाचा करायचा होता. त्यासाठी नाकाचा साचा घ्यायला डॉक्टरांनी तोंडावर प्लास्टर थापलं. ते वाळलं आणि मिशीत बसलं. आता इथे माझ्या मिशीबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे दाखवण्यासारखी तीच एक गोष्ट होती. घनदाट, टोकांना किंचित वर वळलेली. रोज सकाळी केसांना लावायचो त्याहून जास्त तेल मी तिला लावायचो. प्लास्टर निघालं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि मास्कचा तो बेत तिथेच संपला.

तिसरा मास्क मऊ आणि पारदर्शक होता, फक्त नाकापुरता. लावला आणि मी खूष झालो. टोचत नाही, वास नाही, वजन नाही. मशीन चालू केलं आणि मिशीतून शिटी वाजायला लागली. कुकरची असते तशीच, फक्त कुकरची थांबते. मऊ कड कातडीवर बसायला हवी होती आणि तिथे माझं जंगल उभं होतं. पट्टे आवळले, व्हॅसलीन लावलं, मिशी विंचरून खाली वळवली. शिटीचा सूर बदलला, शिटी थांबली नाही.

इमारतीत ही बातमी अर्थातच हवेबरोबर वर गेली. भाभी खाली आल्या, त्यांनी मास्क बघितला आणि म्हणाल्या की यात काय अवघड आहे, बिर्याणीच्या हंडीची वाफ आम्ही कणकेनं कोंडतो. माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्या माणसाला हे पटलं, हेच आश्चर्य. त्या दुपारी बायकोनं घट्ट कणीक मळली आणि मास्कच्या कडेनं माझं तोंड लिंपलं. मुलगी शेजारी बसून लाटीचे उंदीर करत होती. शिटी थांबली. मी विजयी मुद्रेनं झोपलो. तासाभरात हवेनं कणीक वाळली, तडकली, आणि तिचे तुकडे मशीननं जोरात उडवले. एक माझ्या डोळ्यात गेला. उरलेले मी संध्याकाळी ऑफिसात मिशीतून वेचत होतो.

डॉक्टर म्हणाले, मास्क हाच ठेवा, मिशी काढा. मी कारणांची रांग लावली. इकाम्यावरच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावरच्या फोटोत मिशी आहे, रस्त्यात पोलिसानं अडवलं तर? लायसन्सवर आहे. पासपोर्टवर आहे. शेवटी हुकमाचं पान टाकलं. आमच्यात वडील हयात असताना मिशी उतरवत नाहीत, आणि माझे वडील कऱ्हाडला ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी तो विषय सोडून दिला. बायको मात्र घरी आल्यावर बोलली.

"पोरगी अजून म्हणते, मी बोलायची थांबले म्हणून बाबांना झोप लागली. त्या दिवशी तिला समुद्र बघायचा होता, म्हणून पाढे अर्धे सोडले होते."

आठ वर्षांची पोर इतके महिने हे उराशी घेऊन बसमधून मला हात करत होती.

तरीही मी कऱ्हाडला फोन लावलाच. खोटं कशाला बोलू, वडील नाही म्हणतील अशी मला आशा होती. मग दोष त्यांचा झाला असता. त्यांना शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर बोलावून घ्यावं लागे आणि दोन्हीकडून ओरडावं लागे. श्वास, मशीन, मास्क हे सगळं मी त्यांना आणि एकूण पेठेला ओरडून समजावलं. मग मिशीचं विचारलं.

"काढून टाक," वडील म्हणाले. "मी काही तुझ्या मिशीवर जगत नाही."

मिशी मी स्वतःच काढली. आरशात जो माणूस दिसला त्याला मी नोकरीवर ठेवला नसता. मुलीनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "यू लुक लाइक आजी." त्या दुपारी मास्क नाकावर बसला तो थेट कातडीला चिकटून. शिटी नाही, टोचणं नाही. मी झोपलो. ऑफिसची वेळ उलटून गेली तरी उठलो नाही. पाच वाजता भाभी घाबऱ्या घाबऱ्या खाली आल्या, भाईसाब बरे आहेत ना विचारायला. त्या दिवशी त्यांचं दुकान उशिरा उघडलं होतं.

पुढच्या शुक्रवारी फरवानियाला गेलो. दार उघडलं आणि मित्राचा चेहरा पडला. त्यानं मला मिठी मारली. आतली माणसं उठून उभी राहिली. वहिनींनी माझ्या हातातलं श्रीखंडाचं पातेलं घेतलं आणि कुणाला दिसू नये असं आत नेऊन ठेवलं. एकानं तर खिशातून डायरी काढून मुंबईची विमानं कधी आहेत ते सांगायला सुरुवात केली. बसनं येणारी बायको दारात पोचली तेव्हा माझ्या पाठीवरून चार हात फिरत होते. खरं सांगायचं तर, मला ते आवडायला लागलं होतं. तिनं सगळा खुलासा केल्यावर श्रीखंड परत बाहेर आलं. मग सबंध दुपार मी हातवारे करून मास्क समजावत बसलो आणि मंडळी वडिलांच्या नव्हे, माझ्या मिशीच्या आठवणी काढत बसली.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी मला पुन्हा तपासलं आणि म्हणाले, आता खुशाल गाडी चालवा. बायकोनं ऐकून घेतलं. शुक्रवार आला. मी डबे गाडीत ठेवले आणि सवयीप्रमाणे बसच्या थांब्याकडे बघितलं. बायकोनं मागचं दार उघडलं, मुलीला आत बसवलं आणि स्वतः पुढे येऊन बसली.

गाडी निघताच मुलीनं पाढे सुरू केले. पहिल्या सिग्नलला तिनं माझा कान ओढला. मी म्हणालो, बाळा, आता नको, मी जागा आहे. तिचा विश्वास बसला नाही. जाताना सगळा रस्ता ती बोलत होती, फरवानियाला पोचेपर्यंत तिचा घसा बसला.

परतताना मी मुद्दाम समुद्राकाठच्या रस्त्यानं गाडी घेतली. ती बाराच्या पाढ्यावर होती. पाढा हळू झाला, मध्येच अडला आणि थांबला. मी आरशात बघितलं. काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून ती झोपली होती. बायकोनं मागे वळून बघितलं आणि तिला उठवलं नाही.

हवल्लीला घर आलं. मी गाडी थांबवली नाही. मी गाडी वळवली आणि पुन्हा समुद्राकडे घेतली.