मास्तरांचं मोजमाप

खुर्चीत बसल्या बसल्या मास्तर गळ्यातली टेप काढत आणि स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळत. "साडेसहा. कालच्याइतकंच." मग माझ्याकडे बघून म्हणत, "म्हंजी हाय मी."

शहागंजात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आमच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात ते दर सोमवारी येत. माझं काम प्रश्नावली भरून घेण्याचं. स्वतःचं शरीर परकं वाटतं का, भोवतालचं जग खोटं वाटतं का, किती वेळा, आणि किती वेळ टिकतं. तुम्ही असे पेशंट पाहिले असतील तर ठाऊक असेल, शब्द सापडत नाहीत म्हणून ते रडकुंडीला येतात. मास्तरांचं तसं नव्हतं.

"हात तुमचा वाटतो का?"

"माझा हाय हे कळतं. वाटत नाय."

"आणि रस्ता?"

"काचंच्या पल्याड. शोकेसमधी असल्यावानी."

पहिल्या दिवशी त्यांनी दबकत विचारलं होतं, "येडा तर नाय ना झालो?" मी म्हणाले, "नाही. हे नुसतं वाटणं आहे, एवढं तुम्हाला कळतंय ना?" त्यांनी मान डोलावली आणि माझ्या कुर्त्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, डावी बाही अर्धा इंच छोटी हाय." दोन वर्षं मी तो कुर्ता घालत होते, मला पत्ता नव्हता.

घरच्यांना हा आजार पटतच नव्हता. पटणार तरी कसा? काजं सरळ, माप चोख, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी चालू. खरं सांगते, मलाही कधी कधी भरलेला फॉर्म बघूनच पटायचं.

मास्तरांना घाई एकाच गोष्टीची होती. एकुलत्या एका मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं, मुलगी कन्नड गावात दिली होती. "तवर येईन का मी परत? तिला पाठवताना तरी मला कायतरी वाटाया पाह्यजे." डॉक्टरांनी औषध दिलं. मी श्वासाचे, गार पाण्यात हात धरण्याचे व्यायाम शिकवले. तारीख काही कुणासाठी थांबली नाही.

लग्नानंतरच्या सोमवारी ते लाडू घेऊन आले. फॉर्मवर सगळीकडे 'सतत'पुढे त्यांनी स्वतःच खुणा केल्या.

"पोरगी गळ्यात पडली. मला काहीच होईना. मग त्या माणसाला म्हटलं, अरे, जवळ घे तिला. त्यानं घेतलं. रडला बी. लई रडला."

"तो माणूस म्हणजे?"

"मीच की." हे सगळंच त्यांनी फॉर्मच्या खाली वळणदार अक्षरात लिहून दिलं आणि म्हणाले, "पोरीला सांगू नका."

मी तो फॉर्म त्यांच्या फाइलमध्ये लावला.

दिवाळीच्या आत मास्तर हार्ट अटॅकनं गेले. मला त्यांची माया लागली होती, तरी दोन दिवस मला काहीच वाटलं नाही. माझ्याच फॉर्मवर मी कुठे खूण केली असती कोण जाणे.

पुढे एकदा त्यांची मुलगी आली. वडिलांचं नाव सांगताच मी त्यांची फाइल काढून टेबलावर ठेवली.

"पाठवणीला पप्पा इतके रडले, मॅडम! दोन वर्षं मला वाटायचं, त्यांना माझं कायच नाय. त्या दिवशी कळलं. सासरी जड गेलं की मी तेवढंच आठवते." मग तिनं हळूच विचारलं, "त्यांच्या अक्षरातला एखादा कागद असंल का?"

"जुने कागद आम्ही ठेवत नाही," मी म्हणाले, आणि ती दाराबाहेर जाईपर्यंत फाइलवरचं कोपर उचललं नाही.