खीर हाकणारा मेव्हणा

माझा मेव्हणा बसत नाही. खुर्चीच्या कडेला टेकतो, एक पाय हलवत राहतो आणि खिशातलं चुंबक बोटांनी फिरवत राहतो. ते त्याच्या धंद्याचं हत्यार. डोळ्यांना न दिसणारे यंत्रकण तो बनवतो, त्यांच्यावर औषध किंवा जिवंत पेशी लादतो आणि शरीराबाहेरून चुंबकाने हाकत दुखऱ्या जागी नेऊ पाहतो. या चुंबकापायी माझं किल्लीचं घड्याळ दोनदा बंद पडलं. दर रविवारी नोएडाहून आमच्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर यायला निघाला, की मेट्रोच्या तपासणीत हमखास अडकायचा.

"जेब में क्या है?"

"स्टिअरिंग."

"और गाड़ी?"

"गाड़ी अभी बन रही है, भाईसाहब."

हे तो आम्हाला अगदी गंभीरपणे सांगायचा. सांगतानाच स्वयंपाकघरात शिरून साबुदाण्याच्या खिरीची वाटी उचलायचा, तीत लोखंडाचा कीस टाकायचा आणि वाटीखालून चुंबक फिरवत तो दाण्यादाण्यांतून पलीकडच्या काठाला लावायचा. ती वाटी अर्थातच वाया. त्याची ताई, म्हणजे माझी बायको, त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "अरे, खीर खायची असते, हाकायची नसते!"

मग ताईच्या यकृतात गाठ निघाली. त्यानंतर तो टेकायचाही थांबला. "खीर जागची हलत नाही, भाऊजी. रक्त वाहतं," असं म्हणत आमच्या सिंकवर रबरी नळीतून पातळ ताक सोडायचा आणि चुंबक धरून कण धारेविरुद्ध चढवायला बघायचा. कण दर वेळी वाहून जायचा. ओल्या शर्टानेच तो पुन्हा नळी भरायचा. प्रयोगशाळेतही अजून उंदरांपर्यंतच मजल होती. एकदा पलंगाशी येरझाऱ्या घालता घालता तो म्हणाला, "ताई, दोनच वर्षं थांब."

ती हसली. "तुझी गाडी लेट आहे रे. मला आधीची पकडावी लागणार."

तिने ती फाल्गुनात पकडली.

तो अजून दर रविवारी येतो. तो खोल्यांतून फिरतो, मी पुस्तक उघडं धरून बसतो. गेल्या रविवारी मी, जमेल तशी, खीर केली होती. तो दारातूनच म्हणाला, "भाऊजी, गेला. धारेविरुद्ध. उंदराच्या यकृतात, नेमका जिथे न्यायचा होता तिथे."

मी त्याच्यापुढे वाटी ठेवली. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग तो खुर्चीत पाठ टेकून नीट बसला, आणि सगळी खीर खाल्ली. साखर जरा कमी पडली होती.