माझा गुन्हा त्यांनी कबूल केला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईवडिलांना नाही, वकिलांना नाही — आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्या प्रज्ञाला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच. ओळखीच्या लोकांत मी फार नेमकी समजली जाते. मी रसायनशास्त्राची आहे. सातपूरच्या एका प्रयोगशाळेत औषधांची शुद्धता तपासणं हे माझं काम. नमुना एकदा जागचा हलला की त्याच्या साक्षीला अर्थ उरत नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. शिकवताना माझा आवाज स्थिर असतो — याचं मला स्वतःलाच नवल वाटतं.

प्रज्ञा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. नाशिक रोडच्या एका कॉलनीत तिचं घर. वडील सरकारी नोकरीत, आई शाळेत शिक्षिका. ती स्वतः पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर धावायची आणि नंतर घामेजलेल्या चेहऱ्याने माझ्या दाराशी येऊन ओरडायची, "उठ गं शास्त्रज्ञ, सूर्याने हजेरी लावली!" तिच्यासारखी धावणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. हे वाक्य मी भूतकाळात लिहिते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

त्या दिवशी आम्ही सायखेड्याहून परतत होतो. तिच्या मावशीकडे जेवण होतं. स्कूटर माझी, चालवतही मीच होते. संध्याकाळी परदेशातल्या एका विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत होती, आणि जेवणं लांबल्यामुळे मला घाई झाली होती. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर संथपणे चालला होता. दोन्ही बाजूंनी ऊस इतका बाहेर आलेला, की समोरचा रस्ता म्हणजे निव्वळ अंदाज.

प्रज्ञा मागून म्हणाली, "थांब ना, समोरचं काही दिसत नाहीये. ट्रॅक्टरमागे राहिल्याने काय तुझं नोबेल हुकणार आहे?"

मी हसले. आणि स्कूटर उजवीकडे काढली.

समोरून पिकअप आली. ती तिच्या बाजूने येत होती. वेगही फारसा नव्हता. चालकाने ब्रेक दाबलेला मी ऐकला — तो आवाज मला आजही नेमका आठवतो. नंतरचं मात्र तुकड्यातुकड्यांत आठवतं: डांबरावर आडवी पडलेली प्रज्ञा, भलत्याच दिशेला वळलेला तिचा पाय, आणि माझ्या डोक्यावर जसंच्या तसं हेल्मेट. ट्रॅक्टरवाल्याला बहुधा कळलंही नाही. तो निघून गेला.

पिकअपचे चालक सलीमभाई. मालेगावहून सायखेड्याच्या दुकानदारांकडे कापडाचे गठ्ठे पोहोचवायला आले होते. आसपासच्या शेतांतून माणसं धावत आली आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सलीमभाईंची कॉलर धरली. आपल्याकडे रस्त्यावरचा कायदा असाच आहे, नाही का? चूक मोठ्या गाडीचीच. "दिसत नाय का रं, पोरी हायेत!" कुणीतरी ओरडलं. सलीमभाई मात्र माझ्याकडे पाहत होते. "ताई, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही तर समोरच होता."

मी गप्प राहिले. धक्क्यामुळे? नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल असं कळताच त्यांनी कॉलर सोडवून घेतली, पिकअपमधले गठ्ठे खाली टाकले, चादर अंथरली आणि प्रज्ञाला दोघांच्या मदतीने उचलून आत घेतलं. मला म्हणाले, "ताई, डोकं धरून ठेवा, हलू देऊ नका." नाशिकच्या रुग्णालयापर्यंत त्यांनी ती गाडी अशी चालवली, की जणू आत काच भरली आहे.

वाटेत माझ्या मांडीवर प्रज्ञाचं डोकं होतं. आणि माझ्या मनात काय चाललं होतं, ते सांगू? मी विचार करत होते, की पिकअप जागेवरून हलली आहे. स्कूटरही लोकांनी कुणाच्या तरी अंगणात ढकलली आहे. कोण रस्त्याच्या कुठल्या बाजूला होतं, हे सांगणारं तिथे आता काहीही उरलेलं नाही. त्या माणसाने तिला वाचवण्यासाठी स्वतःच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा पुसून टाकला होता. त्याला ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

रुग्णालयात हवालदार आले. त्यांनी आधी सलीमभाईंना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ताईंना विचारा साहेब, ताई बरोबर सांगतील." मग हवालदार माझ्याकडे वळले. "तुम्ही ट्रॅक्टरच्या मागेच होता ना? आणि पिकअप तुमच्या अंगावर आली? भरधाव?"

प्रश्नातच उत्तर होतं. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. मी "हो" म्हणाले.

त्या एका शब्दाआधी मी जे गणित मांडलं, तेही सांगायला हवं. माझ्या स्कूटरचा विमा संपला होता. आज करू, उद्या करू म्हणत तो राहूनच गेला होता. चूक माझी ठरली असती, तर प्रज्ञाची भरपाई माझ्या घरावर आली असती. माझ्यावर गुन्हा नोंदला गेला असता, पासपोर्टच्या पोलीस तपासणीत तो दिसला असता. पिकअपचा विमा मात्र चालू होता. म्हणजे प्रज्ञाला पैसे मिळतील, देईल ती विमा कंपनी, आणि मी जाईन परदेशी. कुणाचंच नुकसान नाही — असं उत्तर मी काढलं. समीकरणातलं एक पद मी गाळलं होतं. ते पद दाराबाहेर उभं होतं, शर्टावर प्रज्ञाचं रक्त घेऊन.

प्रज्ञा शुद्धीवर आली तेव्हा तिला मावशीच्या घरातून निघाल्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं. मांडीचं हाड जुळलं. गुडघा कायमचा आखडला. एकदा तिने विचारलं, "मी शेवटचं काय बोलले गं?"

"गाणं म्हणत होतीस," मी म्हणाले.

त्या संध्याकाळची मुलाखत मी पुढे ढकलून घेतली होती; ती दिली, निवडही झाली, मी गेले. मग प्रज्ञाच्या भरपाईच्या दाव्यात साक्ष द्यायला खास सुट्टी काढून परत आले. काकूंनी, म्हणजे प्रज्ञाच्या आईने, दारातच मला जवळ घेतलं. "सख्खी बहीण करणार नाही एवढं केलंस बाई." त्या रात्री मी त्यांच्याकडे जेवले. माझ्या आवडीची वांग्याची भाजी होती. त्या घरात मला तेव्हा जितकं एकटं वाटलं, तितकं परक्या देशातही कधी वाटलं नव्हतं. प्रेम मिळत होतं, पण ते मला मिळत नव्हतं. माझ्या जागी बसलेल्या कुणा दुसऱ्याच मुलीला मिळत होतं.

विमा कंपनीच्या वकिलांचा मुद्दा अचूक होता: स्कूटर ओव्हरटेक करत होती, जबाबदारी स्कूटरवालीची. मी शांतपणे नाकारलं. तपशील दिले, अंतरं सांगितली, शास्त्राच्या भाषेत बोलले. मग सलीमभाई उभे राहिले. म्हणाले, मी माझ्या बाजूने होतो. तेव्हा प्रज्ञाच्या वकिलांनी फक्त विचारलं, "फौजदारी केसमध्ये तुम्ही गुन्हा कबूल केला होता ना?"

"केला होता."

"जबरदस्ती होती?"

"नाही साहेब. दर तारखेला मालेगावहून यायचं म्हणजे रोजी बुडते. लोक बोलले, कबूल कर, दंड भर, सुटून जाशील."

त्या एका कबुलीने सगळं ठरलं. जो गुन्हा त्यांनी केला नव्हता, त्याचा कबुलीजबाब त्यांनी दिला होता. जिने केला होता, ती साक्षीदार म्हणून खुर्चीत बसली होती.

बाहेरच्या व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलतील, ओरडतील. मी त्याची वाटच पाहत होते. त्यांनी विचारलं, "ताई, मैत्रीण चालते का आता?"

"चालते. पळता येत नाही."

त्यांनी मान खाली घातली. मालकाने गाडी काढून घेतल्याचं, आता पॉवरलूमवर असल्याचं सांगितलं — तक्रार म्हणून नव्हे, ख्यालीखुशाली सांगावी तसं. मग हळूच म्हणाले, "एक सांगू? एवढ्या वेळा ऐकलं ना, की आता मलाबी वाटतं, मीच पलीकडे गेलो असेन. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

मी काय केलं? मी मान डोलावली.

रोजी गेली, गाडी गेली, हे मला आधी माहीत नव्हतं असं म्हणता येईल. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं. जागच्या जागी ठाम असलेली शेवटची एक गोष्ट उरली होती — त्यांची आठवण — तीही मी हलवली.

परदेशातलं शिक्षण संपवून मी परतले आणि सातपूरला नोकरीला लागले. प्रज्ञा अजून फोन करते. मी बहुतेकदा उचलत नाही. तिला वाटतं, मी मोठी झाले आहे, कामात असते. मी पुन्हा कुठलीही गाडी चालवलेली नाही. लोकांना सांगते, भीती बसली. तेही खोटंच आहे. भीती वाटत नाही. सातपूरच्या रिक्षात मागे बसले की प्रत्येक ओव्हरटेकच्या वेळी फक्त एक वाक्य ऐकू येतं, आणि ते गाणं नसतं.

जे तेव्हा सांगायचं होतं, ते असं आहे. स्कूटर मी चालवत होते. समोरचं दिसत नव्हतं, आणि तसं मला सांगण्यात आलं होतं. मी उजव्या बाजूला गेले. पिकअप तिच्या बाजूने येत होती. सलीमभाईंनी ब्रेक लावला होता. मी लावला नव्हता.