चष्मेवाले गेले कुठे?

छापखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसावं, अशी रीत आहे. काकांनी तेच नाक शहरातल्या बागेत खुपसलं. दर रविवारी सकाळी ते हौशी मंडळींना पाखरं दाखवत फिरवायचे. त्यांचे खास लाडके म्हणजे चष्मेवाले: चिमुकले, हिरवट-पिवळे, डोळ्यांभोवती पांढरं कडं. बागेच्या टोकाला असलेल्या राईतल्या गर्द पानांत ते सहसा दिसत नसत. बारीक किलबिल ऐकूनच काका वर बोट दाखवायचे.

मग बागेच्या लोकांनी राईला वळसा घालून सकाळी पळायला येणाऱ्यांसाठी वाट करायचं काढलं आणि पाखरांना त्रास नाही ना होणार, असं काकांना विचारलं. चार माणसं घराबाहेर पडतील म्हणून काकांनी मान डोलावली. वाट झाली आणि राई मुकी झाली. आपल्या एका होकाराने पाखरं देशोधडीला लागली, हे काकांनी फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून ते मंडळींना राईच्या अलीकडच्या तळ्यावरूनच परत फिरवत. शेवटी त्यांनी ठरवलं, या रविवारी सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि फेरी कायमची बंद करायची. नेमकी मेहुणी पाहुणी आली होती. तीही बहिणीला ओढत बरोबर निघाली.

राईत उभं राहून काकांनी घसा खाकरला. "इथे चष्मेवाले असायचे. माझ्यामुळे गेले."

"मग हे डोक्यावर काय चाललंय, भाऊजी?" मेहुणी म्हणाली. "मघापासून नुसता कलकलाट!"

काकांना वाटलं, थट्टा करतेय. पण सगळ्यांच्याच माना वर होत्या. त्यांनी दुर्बीण लावली. फांदीफांदीवर चष्मेवाले! एकाची चोच उघडी होती, गळा थरथरत होता, आणि काकांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"कान दाखवा, कान दाखवा म्हणून माझा घसा सुकला," बायको म्हणाली. "तर म्हणे, तूच पुटपुटतेस!"

छापखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटाने हळूहळू कान नेले होते, आणि बारीक आवाज सगळ्यांत आधी गेले होते. ही काही पेढे वाटायची बातमी नव्हे. काकांच्या छातीवरचा धोंडा मात्र उतरला. "कानच गेलेत ना? पाखरं नाही ना?" ते पुन्हापुन्हा विचारत होते, हसत होते, डोळे पुसत होते.

"कसे बोलतायत, सांग ना," त्यांनी बायकोला गळ घातली. जन्मात पाखराकडे मान वर करून न पाहिलेल्या त्या बाईने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन अशी काही चिरकी आरोळी ठोकली, की अख्खा थवा भर्रकन उडाला.

काका टाळ्या पिटत बघत राहिले. जाईनात का, परत इथेच तर येणार होते.