मंजुळाबाईंच्या लादीवरचा कोन

खोपटच्या चाळीत मंजुळाबाई गायकवाड इंजिनीअरिंगच्या गणितात अडकलेल्यांना शिकवतात आणि कॉम्प्लेक्स नंबर आले की सगळ्यांना उभं करतात. मी दोनदा नापास झालेले. तिसऱ्यांदा झाले असते तर वर्ष गेलं असतं.

"उणे एक अधिक आय. पोलर रूप सांग."

"अंतर रूट दोन, कोन उणे पंचेचाळीस." कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स मी फार रुबाबात दाबलेलं.

"मधली लादी शून्य. उजवीकडे दार, समोर खिडकी. जा."

उणे एक म्हणून एक लादी डावीकडे, आय म्हणून एक पुढे. नाटकवाली ना मी, एंट्री झकास घेतली.

"आता शून्यावर ये आणि तुझा कोन दाखव."

उणे म्हणून दारापासून उजवीकडे वळून मी हात केला तो थेट मागच्या मोरीकडे.

"गेलीस खिडकीकडे, हात मोरीकडे?"

"कॅल्क्युलेटर म्हणतोय, बाई."

"भागाकारात उणे वर होता की खाली, त्याला काय कळतं? तो चाललाय का लाद्यांवर?"

मी दारापासून डावीकडे त्या लादीपर्यंत वळत गेले. एकशे पस्तीस.

परीक्षेत तसाच प्रश्न आला. मी उठून हात लांबवला.

"पाणी हवंय?" सुपरवायझर म्हणाले.

"नाही सर, कोन बघतेय."

ऐंशीपैकी चौतीस मिळाले, काठावर पास. पेढा खाऊन बाई म्हणाल्या, "बाकीचे कुठे सांडलेस गं?"