मंगळवारची चौकशी

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत लालबागच्या आमच्या चाळीचा एक नियम होता. कुणी कितीही गोड बोलून विचारलं, तरी मोर्चाच्या दिवशी आपण घरीच होतो. खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकांनी प्रत्येकाकडून एकेक वाक्य पाठ करून घेतलं होतं. माझं होतं, "मी घरीच होतो, पोट बिघडलं होतं." पोलीस दोनदा आले, दोन्ही वेळा मी ते घडाघडा म्हटलं.

मग माझा उजवा हात बिघडला. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होतो. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला जावं, तर बोटं मुठीत आवळून बसत. गिरणीच्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, टोचून पाहिला आणि परळच्या मोठ्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. मी बरा होईपर्यंत माझ्या साच्यावर बदली कामगार.

मला वाटलं होतं, खाटेला बांधून विजेचा झटका देतील. तिथे तर नुसतं एक टेबल, दोन खुर्च्या आणि पुणेरी वळणाचं बोलणारे चष्मेवाले डॉक्टर. "दर मंगळवारी या. पाऊण तास बसू. सुचेल ते बोला, इथलं बाहेर जाणार नाही," असं म्हणून त्यांनी वही उघडली. बाहेर जाणार नाही, तर मग लिहून कशाला घेता?

काकांना सांगितलं तर ते भडकलेच. "बोलान कोण बरो होता काय रे? सीआयडीचो माणूस आसतलो तो. तू तोंड उघडलंस तर सगळी चाळ आत जातली!"

मला ते शंभर टक्के पटलं. औषध नाही, सुई नाही, नुसते प्रश्न. लहानपण कुठे गेलं, घरी कोण कोण, जवळचा मित्र कोण. मित्राचं विचारल्यावर तर खात्रीच झाली. दाराबाहेरच्या शिपायाचे बूटसुद्धा मला पोलिसी वाटायचे. मी मंगळवारी जायचो, गावच्या ओढ्याच्या आणि आईच्या आंबोळ्यांच्या गोष्टी सांगायचो आणि यायचो. आपण भलतेच हुशार, असा माझा समज होता.

पाचव्या मंगळवारी त्यांनी विचारलं, "मोर्चावर गोळीबार झाला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

आलंच शेवटी, मी मनात म्हटलं. "मी घरीच होतो, पोट बिघडलं होतं."

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. "मी हे आज पहिल्यांदा विचारलं. तुम्ही मात्र चौथ्यांदा सांगताय. आधी तीनदा आपणहून सांगितलंत."

मी दाराबाहेरच्या बुटांकडे पाहिलं.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"पोलिसांना. गिरणीत. शेजारच्या वहिनींना."

शेजारच्या खोलीतला माझा मित्र त्या गोळीबारात गेला होता. तेरावं झाल्यावर त्याची बायको आमच्या दारात आली. "भावोजी, तुम्ही बरोबर होतात ना? शेवटी काही म्हणाले का हो?" आणि मी तिलाही पोट बिघडल्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणून गेली. मला तेव्हा स्वतःची किळस आली होती, अजून येते.

समोरचा माणूस सीआयडीचा नाही, याची मला त्या मंगळवारीही खात्री नव्हती. नोकरी जाईल, चाळ तोंडात शेण घालेल, हेही कळत होतं. तरी बोललो. आम्ही बरोबरच होतो. तो पडला, माझा हात घट्ट धरून पाणी मागत राहिला. मी त्याचं एकेक बोट सोडवलं आणि पळालो.

डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नाही. परळहून चालत आलो आणि आमच्या खोलीत न जाता शेजारचं दार वाजवलं.

"वहिनी, तो पाणी मागत होता," मी म्हणालो.

ती चौकट धरून उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "दिलंत?"